बाजारातलं आठ, घरातलं चार

मुरबे गावच्या हंसाचं डोकं दुखायचं. दुखायचं म्हणजे कसं, तर उजव्या भुवईच्या वरची शीर अशी उडायला लागायची की समोर बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या वलांडीवर बसलेला बगळा तिच्याकडे एकवार बघून दुसऱ्या वलांडीवर जाऊन बसायचा. हे शेजारची लाडकी सांगते. लाडकीच्या सांगण्यातून बगळा वगळला तरी शीर उरतेच.

हंसा अडतीस वर्षांची. नवरा महादू होडीवर, सासू रत्नाबाई घरात, आणि धाकटी जाऊ नलू तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. आठवड्यातले चार दिवस हंसा मासळीची पाटी घेऊन टेम्पोने बोईसरच्या बाजारात जायची आणि उरलेले तीन दिवस घरी बोंबील सुकवायची. बाजारातली तिची जागा म्हणजे एक गोणपाट अंथरता येईल एवढी जमीन. पण ती रत्नाबाईने तीस वर्षं बसून धरून ठेवलेली होती आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर थोरल्या सुनेच्या हवाली केली होती. अशी जागा कुठल्या कागदावर नसते. बसणारी उठली की दुसरी कुणी बसते, आणि मग ती दुसरीची.

त्या जागेत हंसाला काय मिळत होतं ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. घरात ती महादूची बायको आणि रत्नाबाईची सून. बोलायची ते इतकं कमी की एकदा पाहुण्यांनी तिला मुकी समजून हातवाऱ्यांनी पाणी मागितलं. पण बाजारात गोणपाटावर टेकली की तीच बाई हंसामौसी व्हायची. तारापूरच्या कारखान्यांतून पाळी सुटली की कुठकुठल्या मुलखातले कामगार तिच्यासमोर उभे राहायचे आणि ती आपल्या मोडक्या हिंदीत त्यांच्याशी अशी टोलवाटोलवी करायची की पलीकडच्या रांगेतल्या भाजीवाल्या स्वतःचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून ऐकत बसायच्या. चार दिवसांचं ते बोलणं तिला आठवडाभर पुरायचं.

आणि नेमकं ते बोलणंच आता तिच्या हातून जायची वेळ आली होती. रत्नाबाईचं म्हणणं ठाम होतं. डोक्यावर पाटी, त्यावर ऊन, दिवसभर तोंडाची टकळी, डोकं दुखणार नाही तर काय होईल? बाजार सोडावा, घरी बोंबील बघावेत, जागा नलूला द्यावी. यात दुष्टावा काही नव्हता. सून आजारी पडून अंथरुणाला खिळेल अशी तिला खरीच भीती वाटत होती. नलूही वाईट नव्हती, पण तिने डोक्यावर पाटीखाली घ्यायला नवी चुंबळ शिवून तयार ठेवली होती, आणि ती चुंबळ खुंटीवर टांगलेली दिसली की हंसाची शीर उगाच उडायची.

हे सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतरचं. त्याच सुमारास सरावलीच्या एका दवाखान्यात मुंबईहून एक डॉक्टरीणबाई येऊन बसली होती. वय तिशीच्या आतलं, डोळ्यांवर चष्मा, आणि सोबत वीस यंत्रांची पेटी. हंसा डोकेदुखीची गोळी मागायला गेली आणि गोळीऐवजी यंत्र घेऊन घरी आली.

ते यंत्र साबणाच्या वडीएवढं, करड्या रंगाचं, त्याला हिरवट काच आणि टोचायला एक काडी. डॉक्टरीणबाई त्याला इलेक्ट्रॉनिक डायरी म्हणायची. हंसाला आधी उलगडा होईना, कारण डायरी म्हणजे मास्तर आणि तलाठी ज्यात काहीतरी खरडतात ती वही. ह्या डायरीत खरडायचं काहीच नव्हतं. उलट हीच माणसाला विचारायची. दिवसातून सात वेळा, तिच्या मनाला येईल तेव्हा, किणकिण वाजायची. मग काचेवर एक आडवी रेघ उमटायची, शून्यापासून दहापर्यंत. डोकं किती दुखतंय तिथे काडी टेकवायची. त्यानंतर हसऱ्या-रडक्या तोंडांची चित्रं, म्हणजे मन कसं आहे. त्यानंतर घर की बाजार. त्यानंतर एकटी की कुणासोबत. चार प्रश्न झाले की यंत्र गप्प. एकदा टेकवलेली काडी मागे घेता यायची नाही.

डॉक्टरीणबाईने समजावलं ते असं. महिन्याच्या शेवटी माणसाला विचारलं, डोकं किती दुखलं, तर माणूस काल दुखलं तेवढंच सांगतं. आठवण लबाड असते. म्हणून दुखतंय त्याच घटकेला विचारायचं, आणि त्या घटकेला मनात काय होतं तेही विचारायचं. मग कळतं की दुखण्याची आणि मनाची गाठ कुठे पडते.

हंसाने यंत्र घरी आणलं त्या दिवशी ते रत्नाबाईच्या देखतच वाजलं. मांजर छपरावर गेलं आणि दोन दिवस खाली आलं नाही. रत्नाबाईने सगळी हकिकत ऐकून घेतली आणि मग तिला ही गोष्ट भलतीच आवडली. तिने चुलीपुढे बसूनच निकाल देऊन टाकला.

"बरं झालं. आता माझंही नको आणि तुझंही नको," ती म्हणाली. "यंत्र सांगेल ते. बाजारानं दुखतं असं निघालं तर जागा नलूची. नाय निघालं तर तू बस, मी तोंड उघडणार नाय."

महादूने जाळ्यातून डोकं न काढता हो म्हटलं. नलूने चुंबळीकडे पाहिलं. हंसाही हो म्हणाली, कारण घरात ती नाही म्हणत नसे.

मग महिनाभर ती डायरी हंसाच्या कंबरेच्या पिशवीत राहिली. खोटं बोलायचा मोह तिला झाला नाही असं नाही. बाजारात यंत्र वाजलं की शून्यावर काडी टेकवावी, सगळा प्रश्नच मिटेल, असं पहिल्याच दिवशी तिच्या मनात येऊन गेलं. पण डॉक्टरीणबाईने हात हातात घेऊन सांगितलं होतं की कुणाला बरं वाटावं म्हणून काही दाबू नका, आणि इतक्या शिकलेल्या बाईने आपला मासळीचा वास मारणारा हात हातात घेतला हे हंसाला विसरता येईना. तिने शपथ घेतल्यासारखं खरं खरं सांगितलं. तसं तिला तरी वाटलं.

बाजारात यंत्र वाजायचं तेव्हा गंमत व्हायची. एका हातात सुरी, पुढे वाटे लावलेली मांदेली, समोर गिऱ्हाईक, आणि कंबरेला किणकिण. पहिल्यांदा वाजलं तेव्हा एका कामगाराने हातातला पापलेट खाली टाकला. त्याला वाटलं मासाच बोलला. लाडकी तर सांगते की पापलेटने डोळाही मिचकावला. पण आठवड्याभरात आणखी दहा जणींच्या कंबरेला तशीच यंत्रं आली आणि सगळा बाजार सरावला. वाजलं की लाडकी ओरडायची, "हंसा, तुझं गिऱ्हाईक आलं गो, किती म्हणून विचारतंय," आणि हंसा सुरी ठेवून, हात पदराला पुसून, काडी टेकवायची.

महिना संपला. डॉक्टरीणबाईने यंत्र दुसऱ्या मोठ्या यंत्राला जोडलं आणि कागद काढला. कागद बघायला हंसाबरोबर रत्नाबाईही सरावलीला आली, गुडघ्यांना तेल चोळून. डॉक्टरीणबाईने आधी हंसाला बाजूला घेऊन विचारलं की सासूबाईंसमोर सांगू का. हंसाने हो म्हणून मान हलवली. ठरलंच तसं होतं.

कागदावर दोन खांब होते, एक उंच, एक त्याच्या निम्मा.

"बाजारात सरासरी आठ," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला होता. "घरी चार."

रत्नाबाईने पदर सारखा केला, जसा लग्नघरात मुहूर्त लागल्यावर करतात. हंसा त्या उंच खांबाकडे बघत राहिली. तिला आधी वाटलं कागद दुसऱ्या कुणाचा असावा. बाजारात आणि आठ? आठ म्हणजे डोकं फुटायचं. आठ दुखत असताना कोण भाव करेल आणि कोण हसेल? मग एकदम तिच्या ध्यानात आलं, आणि जन्मात पहिल्यांदा ती सासूच्या देखत मोठ्याने बोलली.

"बाई, ते आठ नाय. ते बाजारातलं आठ हाय. म्हणजे चार."

डॉक्टरीणबाईने चष्मा वर केला.

हंसाने सांगायचा प्रयत्न केला. बाजारात बसलेलं असताना कुणी किती म्हणून विचारलं की दुप्पट सांगायचं असतं. समोरचा मान हलवतो, पाठ फिरवतो, दोन पावलं जाऊन परत येतो, आणि मग निम्म्यावर ठरतं. खरं ते निम्मं. आधीच निम्मं सांगितलं तर पाव पदरात पडेल. आता हे यंत्रही किती म्हणूनच विचारतं. चार दुखत होतं म्हणून तिने आठ सांगितलं आणि वाट बघितली. यंत्र काही बोललं नाही. पुढचा प्रश्न विचारून मोकळं झालं.

"तुमचं यंत्र भावच करत नाय," ती म्हणाली. "मी काय करू?"

"आणि घरात?"

"घरात कोण भाव करतं? घरात चार म्हणजे चारच."

रत्नाबाई म्हणाली की ही सबब आहे, आणि चांगली सबब आहे, पण सबबच. डॉक्टरीणबाईला काय वाटलं ते तिच्या तोंडावर दिसत होतं: तिलाही सबबच वाटली. एवढी शिकलेली, पण अशी गोष्ट तिच्या पुस्तकात नव्हती. तरी तिने कागद फाडला नाही आणि निकालही दिला नाही. म्हणाली, शनिवारी मी स्वतः बाजारात येते. रत्नाबाईही म्हणाली, मग मीही येते. बाजारातल्या बायका तुम्हाला गुंडाळतील, कुणी जाणतं माणूस सोबत हवं.

शनिवार आला. हंसा रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर झाली होती. आज बाजारातल्या बायका शहाण्यासारखं सरळ बोलल्या तर ती मेली. अगदी टेम्पोत बसल्यापासून तिने कुणाला काही सुचवलं नाही. सुचवलं असतं तर रत्नाबाईच्या कानाला लगेच कळलं असतं.

डॉक्टरीणबाई एका उपड्या खोक्यावर येऊन बसली, मांडीवर वही. एका बाजूला रत्नाबाई. डॉक्टरीणबाईने सहज बोलायचं म्हणून लाडकीला विचारलं, मुरब्याहून यायला किती वेळ लागतो.

"दोन तास," लाडकी म्हणाली.

"एवढा?"

"बरं, दीड."

डॉक्टरीणबाई गप्प. तिच्याजवळ बोलायला काही नव्हतं म्हणून गप्प, पण लाडकीला वाटलं पाठ फिरवते आहे.

"तासाभरात येते गो बाय, जास्त ताणू नको."

डॉक्टरीणबाईने वहीत काहीतरी टिपलं. मग मुलं किती विचारलं. लाडकी म्हणाली सहा. हंसा खाली बघून मांदेली सारखी करत होती. डॉक्टरीणबाई लाडकीकडे नुसती बघत राहिली, आणि लाडकीने एक-एक पोर कमी करत तीनवर आणलं. पण तीन असली तरी त्यांचं खाणं सहाचं आहे, असंही वर ऐकवलं. पुढच्या बाईला विचारलं, घर किती माणसांचं, तर बारा, मग नऊ, मग सात. एकीने आपल्या नवऱ्याचं वय आधी ऐंशी सांगितलं आणि ते चाळिसावर आणलं, तेव्हा नवरा पाठीमागेच बर्फ फोडत होता. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत डॉक्टरीणबाईचा चष्मा घामाने नाकावर आला होता.

हे सगळं रत्नाबाईला पटत नव्हतं. या आजकालच्या बाया, यांना बोलायची रीत नाही, असं तिचं चाललं होतं. आपण बोललो तर सरळ बोलतो. मी या जागेवर बसले तेव्हा इथे गवत होतं. डॉक्टरीणबाईने आदराने विचारलं, "आजी, तुम्ही किती वर्षं बसलात इथे?"

"साठ," रत्नाबाई म्हणाली.

"आणि तुमचं वय?"

"बासष्ट."

डॉक्टरीणबाईने पेन उचललं नाही. नुसती बघत राहिली. आजूबाजूला सगळी रांग शांत झाली. सुऱ्या थांबल्या, आणि माशांवरच्या माश्याही बसायच्या थांबल्या म्हणतात.

"पन्नास लाव," रत्नाबाई म्हणाली.

कुणी काही बोललं नाही.

"चाळीस. त्याखाली परवडत नाय."

आणि ते बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. तिने तोंड मिटलं, हंसाकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि बऱ्याच वेळाने, जमिनीला सांगितल्यासारखं, तीस म्हणाली. पहिली हसली ती नलूच. चुंबळ शिवून ठेवलेली नलू त्या दिवशी टेम्पोत पाट्या धरायला म्हणून आली होती, आणि ती अशी हसली की तिला उभं राहवेना. मग सगळी रांग. मग डॉक्टरीणबाई चष्मा काढून डोळे पुसत. हंसाला हसू आलं नाही. ती मोठा श्वास घेऊन मागच्या भिंतीला टेकली. आता निदान तिचं ऐकतील एवढं तिला कळलं.

डॉक्टरीणबाईचं हसणं मात्र लवकर ओसरलं. तिने त्या बाजारातल्या अकरा बायकांना यंत्रं दिली होती. अकराही जणींच्या आकड्यांचं हेच झालं असणार. महिन्याचं काम फुकट. आणि सरळ निम्मं करूनही भागणार नव्हतं, कारण कुणी दुप्पट सांगते, कुणी दीडपट, आणि लाडकी तर मनाला येईल तसं. दुखणं असं विचारायला हवं की त्याचा भाव करता येणार नाही. पण कसं?

वाट हंसानेच दाखवली, आणि तीही दाखवायची म्हणून नाही. डॉक्टरीणबाईने तिला विचारलं की आत्ता, ह्या घटकेला, डोकं किती दुखतंय, आणि आकडा सांगू नका. हंसा पुढ्यातल्या पाटीकडे बघत म्हणाली, "ह्या मांदेलीएवढं."

कोळीण भाव दुप्पट सांगेल, वय दुप्पट सांगेल, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढच्या बोटभर मांदेलीला ती मोठा घोळ मासा म्हणणार नाही. मासा जेवढा आहे तेवढाच आहे; तो समोर पडलेला असतो. डॉक्टरीणबाईने तिथेच वहीतून एक लांब पट्टी फाडली आणि त्यावर मासे काढायला बसली. दुखणं नाही तिथे रिकामी पाटी, मग जवळा, मग मांदेली, बोंबील, पापलेट, सुरमई, आणि शेवटी माणसाच्या मांडीएवढा घोळ. तिचा पापलेट पुरीसारखा दिसत होता. रत्नाबाईला ते बघवेना. तिने पट्टी हिसकावून घेतली आणि गुडघ्यावर वही ठेवून सगळे मासे नव्याने काढले, खवल्यांसकट. मग हलवा मासा सुरमईच्या आधी की नंतर यावर अर्धा तास रांगभर भांडण झालं, त्यात दोन गिऱ्हाइकंही पडली, आणि शेवटी हलवा पट्टीतून वगळावा असा निकाल लागला. तशाच पट्ट्या करून अकराही यंत्रांच्या रेघेशेजारी चिकटवल्या आणि हंसाला आणखी तीन आठवडे मिळाले. रत्नाबाईने अट मात्र तीच ठेवली. बाजारानं दुखलं तर जागा नलूची.

या वेळी डॉक्टरीणबाईने आणखी एक केलं. पहिल्या महिन्यात तिने घरातले सगळे तास एकत्र करून एकच खांब उभा केला होता. आता प्रत्येक तास वेगळा मांडायचं ठरवलं.

तीन आठवड्यांनी ती मुरब्याला घरी आली. थंडीचे दिवस, अंगणात वलांड्यांवर बोंबील वाळत होते. महादू होडी ओढून आला होता, नलू चहा ठेवत होती. डॉक्टरीणबाईने कागद चटईवर पसरला. खांब नव्हते या वेळी. तासातासाच्या खाली रत्नाबाईचेच मासे काढलेले होते.

बाजारचे तास आधी दाखवले. सकाळी पाटी उतरवताना बोंबील. त्यानंतर मांदेली, जवळा, मांदेली. दुपारी बाराला, गर्दीच्या ऐन वेळी, बरेच दिवस रिकामी पाटी. आणि त्याच वेळची मनाची तोंडं सगळी हसरी. महादू जवळ सरकून बघायला लागला. बायको इतकी हसते हे त्याला त्या कागदावरून कळलं.

मग घरचे तास. सकाळी काही नाही. रात्री मांदेली. पण बाजाराच्या दिवशी दुपारी तीन ते चारच्या खाली ओळीने घोळ पडलेले होते. एक नाही, दोन नाही, यंत्र त्या तासात जेवढ्या वेळा वाजलं होतं तेवढे सगळे. शेजारची तोंडं रडकी. आणि कुणासोबत या प्रश्नाला घरच्या माणसासोबत.

डॉक्टरीणबाईने बोट तिथे टेकवलं आणि ती थांबली. हंसाने मान खाली घातली. तिला माहीत होतं. तीन आठवडे ती काडी टेकवत होती तेव्हाच तिला माहीत झालं होतं, पण घरात ती नाही म्हणत नसे आणि हेही म्हणणार नव्हती. नलूने चहाचं आधण उतू जाऊ दिलं.

"तीनला काय असतं?" रत्नाबाईने विचारलं. मग ती स्वतःच आठवायला लागली. तीनला हंसा टेम्पोतून उतरते. हातपाय धुते. मी तिला चहा देते. मग मी बसते आणि विचारते. कोण आलं होतं. काय नेलं. एवढ्यात का दिलं. त्या पोलीसपाटलाच्या बायकोला घोळाचं डोकं का नाही दाखवलंस. लाडकीकडे जास्त गिऱ्हाईक का गेलं. माझ्या वेळी असं होत नव्हतं.

इथवर येऊन तिचा आवाज बंद झाला.

हंसाला वाटलं, झालं, आता जागाही गेली आणि घरही. सासूला सगळ्यांसमोर कमीपणा आणणारी सून कुठल्या घरात राहते? तिने कागद गुंडाळायला हात पुढे केला, पण रत्नाबाईने तिचा हात धरला.

"तुला वाईट वाटायचं?"

हंसा कागदावरच्या घोळांकडे बघत राहिली.

"मी तुला बोल लावायला नव्हते विचारत," रत्नाबाई म्हणाली. "मी बाजाराचं विचारत होते. सहा वर्षं झाली मी इथं बसून वाळलेल्या बोंबलांशी बोलते हाय. तू यायचीस तेव्हा बाजार घरात यायचा. मला वाटायचं, सगळा एका दमात काढून घ्यावा."

"मग तसं सांगायचं होतं, आय," हंसा म्हणाली. "मी सांगितला असता. सगळा सांगितला असता. पण तुमी प्रत्येक माशामागे चूक काढायच्यात."

हे हंसाचं घरातलं आजवरचं सगळ्यात लांब बोलणं. महादूने ते ऐकून हातातली बशी खाली ठेवली. डॉक्टरीणबाई मधे म्हणाली की दोष कुणाचाच नाही, डोकेदुखीला कारणं बरीच असतात, पोट रिकामं असणं हेही एक आहे, सकाळपासून ती काही खात नाही हेही तिच्याकडून कळलंय. तिने एक गोळीही लिहून दिली. पण तिचं फारसं कुणी ऐकत नव्हतं.

रत्नाबाई उठली. खुंटीवरची चुंबळ काढून तिने बघितली, उलटीपालटी केली, आणि नलूला विचारलं की तुला खरंच बाजारात बसायचंय का. नलू चुलीकडे बघत म्हणाली की बसायचं होतं, पण त्या शनिवारी सगळ्या बायका एकदम बोलताना ऐकल्यापासून मला धडकी भरली आहे; मला पालघरला शिवणाचा वर्ग लावायचाय. हे ती कधीपासून सांगणार होती, पण कुणी विचारलंच नव्हतं. महादूने हे ऐकून पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. एका दिवसात घरातल्या दोन बायकांना बोलताना ऐकणं त्याला झेपत नव्हतं.

"जागा तुझीच," रत्नाबाई हंसाला म्हणाली. "पण शनिवारची मी येणार. तू पाटी उचल, मी माझे गुडघे उचलते. येऊन बघीन, म्हणजे तीनला विचारायला काही उरणार नाय."

डॉक्टरीणबाई यंत्र परत घेऊन गेली. त्या अकरा जणींच्या माशांवर तिने मुंबईत जाऊन काहीतरी लिहिलं म्हणे, आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं की घोळ म्हणजे नेमकं किती. त्याचं उत्तर तिने काय दिलं ते कळलेलं नाही.

शनिवारी टेम्पोच्या मागच्या बाजूला पाट्यांच्या मधे रत्नाबाई बसली. लाडकी तिला वाटेत विचारत होती की गुडघ्याचं कसं काय, आणि रत्नाबाई म्हणत होती, गप्प बस, मला खाडी बघू दे. बाजारात उतरल्यावर हंसाने गोणपाट अंथरलं आणि अर्धं सासूला दिलं. रत्नाबाई टेकली, एकदा दोन्ही बाजूंना बघितलं, आणि मग तिने अशी हाळी दिली की स्टेशनकडे चाललेली चार माणसं वळून परत आली. हाळीचा आवाज सरावलीपर्यंत गेला असं लाडकी सांगते. तेवढा गेला नसेल, पण पलीकडच्या रस्त्यापर्यंत नक्की गेला.

पहिल्या तासाभरात रत्नाबाईने चार वेळा हंसाच्या भावात तोंड घातलं. पाचव्यांदा तोंड उघडलं आणि परत मिटलं. हंसाने ते पाहिलं. दहा वाजता तिचं डोकं थोडं ठणकायला लागलं, बोंबलाएवढं असेल. सहा वर्षांत तिने या वेळी कधी जागा सोडली नव्हती, कारण सोडली तर सांभाळणार कोण? तिने सुरी सासूच्या पुढ्यात ठेवली.

"आय, मी जरा काही खाऊन येते."

"जा," रत्नाबाई गिऱ्हाइकावरची नजर न काढता म्हणाली. "सावकाश ये."

हंसा हात धुऊन रस्ता ओलांडून गेली. कोपऱ्यावरच्या गाडीवर गरम वडे निघत होते. तिने दोन वडापाव घेतले, बाकड्यावर बसली, आणि इतकी वर्षं जो बाजार तिने आतून पाहिला होता तो पहिल्यांदा बाहेरून बघत, घाई न करता, खायला लागली.